‘आपण’ कोण? : शाळेतील प्रकट वाचन आणि सर्वनामांचा प्रश्न

शाळेतील मुलांना पुस्तके वाचून दाखविण्याचा उपक्रम आपल्याकडे नवा नाही. साने गुरुजींच्या निधनानंतर, म्हणजे १९५० नंतर, प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामालेच्या रूपाने त्याला संघटित स्वरूप दिले आणि शिक्षक, कार्यकर्ते व हौशी कथाकार शाळाशाळांतून गोष्टी सांगू लागले. छत्रपती संभाजीनगरात २०२१ पासून मोहल्ल्यामोहल्ल्यांत मुलांसाठी लहान वाचनालये उघडण्याची जी चळवळ उभी राहिली तिचा आरंभ एका शाळकरी मुलीने केला, ही गोष्ट या शहराने अभिमानाने सांगावी अशी आहे. आपल्या विभागातील पदव्युत्तर वर्गाचे काही विद्यार्थीही गेल्या शैक्षणिक वर्षात महापालिकेच्या एका शाळेत पंधरवड्यातून एकदा जाऊन सातवीच्या मुलांना पुस्तके वाचून दाखवीत असत. त्यांच्याबरोबर मीही जात असे. (‘आपल्या विभागातील’ असे मी लिहिले ते या पत्रिकेचे वाचक डोळ्यांपुढे ठेवून. ‘आमच्या’ लिहिले असते तर त्यांपैकी काहींना दाराबाहेर उभे राहिल्यासारखे वाटले असते. प्रस्तुत लेखाचा विषय एवढ्याच फरकाचा आहे.)

या वाचनामागील हेतू स्वच्छ असतो. जातीचा, धर्माचा, रंगाचा भेद मुलांच्या मनात रुजण्यापूर्वीच त्याच्या विरुद्ध काही रुजवावे, असा तो हेतू. त्यासाठी पुस्तके निवडताना मात्र आपण सामान्यतः विषय पाहतो: गोष्टीत भेदाचा निषेध आहे काय, शेवट चांगला होतो काय, बोध स्पष्ट आहे काय. हे निकष चुकीचे नाहीत. पण अपुरे आहेत, असे मला एका फजितीमुळे कळून आले. ती प्रथम सांगते.

पुस्तक ‘श्यामची आई’ होते. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक निवडताना आम्हांला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता. ते मुळातच ऐकण्यासाठी रचलेले आहे. आश्रमात रात्री प्रार्थना झाल्यावर श्याम बोलतो व मंडळी ऐकतात, अशी त्याची मांडणी असून प्रकरणांनाही ‘रात्र’ असेच नाव आहे. त्या दिवशी वाचावयाची रात्र ‘देवाला सारी प्रिय’ ही होती. एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडांची मोळी खाली पडलेली आहे, तिला ती डोक्यावर घेता येत नाही आणि सवर्णांपैकी कोणी हात लावीत नाही. श्याम घरी येऊन आईला सांगतो. आई त्याला मोळी उचलून देण्यास पाठविते, आणि घरी आल्यावर आंघोळ कर असेही सांगते.

हे आंघोळीचे वाक्य मी गाळले. ठरवून गाळले असे म्हणता येणार नाही. डोळे पुढे जात असताना ते दिसले आणि जीभ त्यावरून उडी मारून पलीकडे गेली. वर्गात बौद्ध कुटुंबांतील मुले होती, मुसलमान मुले होती, मराठा होती, बंजारा होती. कोणाला लागू नये, एवढाच विचार मनात असावा. दोन परिच्छेद पुढे गेल्यावर पहिल्या बाकावरील एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आंघोळीचं राहिलं.” पुस्तक तिने आधीच वाचलेले होते. मला मागे येऊन ते वाक्य वाचावे लागले, आणि वाचले तेव्हा तीनचार मुलांनी मान वळवून मागच्या एका बाकाकडे पाहिले. ज्याच्याकडे त्यांनी पाहिले तो मुलगा खिडकीबाहेर पाहू लागला.

या प्रसंगाचा अर्थ लावण्यासाठी मराठी सर्वनामांकडे वळणे आवश्यक आहे. शालेय व्याकरणात ‘आपण’ मुख्यतः आत्मवाचक सर्वनाम म्हणून शिकविले जाते, आणि ते ‘आम्ही’ किंवा ‘तुम्ही’ या अर्थी आले तर पुरुषवाचक समजावे, असे सांगून विषय संपविला जातो. वस्तुतः प्रथमपुरुषी अनेकवचनात मराठीने एक सूक्ष्म भेद जपलेला आहे. ‘आम्ही उद्या वेरूळला जाणार’ असे म्हटले की ऐकणारा गाडीत नाही. ‘आपण उद्या वेरूळला जाऊ’ म्हटले की त्याने डबा घेऊन यावयाचे आहे. पहिले रूप श्रोतृवर्जक, दुसरे श्रोतृसमावेशक. गुजरातीत हा भेद आहे, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा तो ठसठशीत आहे. प्रमाण हिंदीतील ‘हम’ला तो ठाऊक नाही. इंग्रजीलाही नाही. मराठीत तो द्राविडी भाषांच्या सहवासातून आला असावा, हे मत अभ्यासकांत बरेच मान्य आहे. आपल्या शहरातील दखनीनेही तो घेतला आहे; येथील मुलगा ‘हम’ आणि ‘अपन’ यांत गल्लत करीत नाही. ‘सर्वसमावेशक’ हा शब्द सध्या शिक्षणविषयक लिखाणात फार ऐकू येतो. तो शब्द येण्यापूर्वी कित्येक शतके या प्रदेशातील भाषांनी समावेशाचे काम एका सर्वनामावर सोपविले होते, ही गोष्ट मला गमतीची वाटते.

परंतु येथेच थांबून मराठीचे गोडवे गाणे योग्य होणार नाही. ‘आपल्यात हे चालत नाही’, ‘मुलगी आपल्यातलीच आहे’ ही वाक्ये वाचकांच्या कानांवरून गेली असतीलच. येथे ‘आपल्यात’ म्हणजे आपल्या जातीत. तो शब्द उच्चारावा लागू नये म्हणूनच सर्वनाम पुढे केलेले असते. ज्या रूपाने ऐकणाऱ्याला आत घ्यावयाचे तेच रूप, ऐकणारा कोण हे आधी पारखून घेऊन, कुंपणासारखे वापरले जाते. उलट ‘आम्ही’ हे रूप दर वेळी दूर लोटणारे असते असेही नाही. संविधानाच्या उद्देशिकेचा मराठी पाठ ‘आम्ही’ या शब्दानेच सुरू होतो. ती जगापुढे केलेली घोषणा आहे, ऐकणारे जग बाहेर आहे. आणि म्हणणारे सर्व, कोणीही न वगळता, त्या ‘आम्ही’च्या आत आहेत. २०२० पासून महाराष्ट्रातील शाळांत ती सामूहिकपणे म्हटली जाते. म्हणणे आणि वाचून दाखविणे यांत हाच फरक पडतो. समूहाने म्हणताना प्रत्येक मूल वक्ता असते. वाचून दाखविताना वक्ता एकच असतो आणि बाकीच्यांना कोठे बसवावयाचे ते मजकूर ठरवितो.

आता ‘देवाला सारी प्रिय’कडे पुन्हा पाहू. आई बोलते, श्याम ऐकतो, बोलणे म्हातारीविषयी असते. पुढे मोठा झालेला श्याम बोलतो, आश्रमातील मंडळी ऐकतात, बोलणे पुन्हा म्हातारीविषयीच. त्यानंतर स्वयंसेवक वाचतो, वर्ग ऐकतो, विषय तोच. तीन पिढ्यांत वक्ता बदलला, श्रोता बदलला, म्हातारी मात्र तृतीयपुरुषीच राहिली. ती गोष्टीत आहे. पण गोष्ट तिच्या तोंडून येत नाही आणि तिला उद्देशूनही सांगितली जात नाही. गोष्टीचा श्रोता म्हणून कल्पिलेले मूल हे श्यामसारखे आहे. त्याच्या घरात आंघोळीचा नियम आहे, त्याला दया शिकवावयाची आहे, त्याने हात पुढे करावयाचा आहे. असे मूल वर्गात असेल तर गोष्ट त्याच्यापर्यंत पोचते, आणि चांगली पोचते. १९३५ नंतरच्या मराठी मध्यमवर्गाच्या मनावर या पुस्तकाने जे संस्कार केले ते नाकारण्याचे कारण नाही. पण मागच्या बाकावरील मुलाला या रचनेत जागा कोठे? श्याम व्हावे तर त्याच्या घरी तो नियम नाही. उरते ती म्हातारीची जागा. ती घ्यावयाची तर वर्गासमक्ष घ्यावी लागते.

येथे साने गुरुजींवर दोषारोप करण्याचा माझा उद्देश नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. आईच्या तोंडी आंघोळीची सूचना घालणारा लेखक तिच्या काळाशी प्रामाणिक आहे. कोकणातील ती ब्राह्मण स्त्री रूढीच्या आत राहून जेवढे दार उघडू शकत होती तेवढे उघडते, आणि लेखक ते दार तिने पूर्ण उघडले असे खोटे दाखवीत नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात ज्याने दहा दिवस उपोषण केले आणि त्यापूर्वी त्यासाठी महाराष्ट्रभर दौरा केला, त्याला हा अपुरेपणा कळत नव्हता असे कोण म्हणेल? किंबहुना ते वाक्य म्हणजेच त्या प्रकरणाचा सर्वांत खरा भाग होय. ते गाळले की गोष्ट केवळ गोड होते. मी जे केले ते लेखकाच्या प्रामाणिकपणाला कात्री लावण्याचे काम होते, आणि त्यातही वाईट म्हणजे ज्यांच्यासाठी ते केले त्यांना हे ठाऊकच नाही असे मी धरून चालले होते. त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते.

तेव्हा प्रश्न गोष्टीत कोण आहे एवढाच नाही. अमेरिकेत या विषयाची चर्चा प्रथम मोजणीपासून सुरू झाली. नॅन्सी लॅरिक या बाईंनी १९६५ साली ‘सॅटरडे रिव्ह्यू’मध्ये एक लेख लिहिला, १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेली पाच हजारांवर बालपुस्तके तपासली असता जेमतेम ६.७ टक्के पुस्तकांत एखादी कृष्णवर्णीय व्यक्ती आढळली, असा त्याचा निष्कर्ष. तो लेख आवश्यक होता. पुढे १९९० मध्ये रुडीन सिम्स बिशप यांनी पुस्तक हे मुलासाठी आरसाही असावे आणि खिडकीही असावी, अशी मांडणी केली. ती आज जगभर उद्धृत केली जाते. पण दोन्ही प्रतिमा पाहण्याच्या आहेत, ऐकण्याच्या नाहीत. आरशात माणूस एकटा पाहतो. वर्गात प्रकट वाचन चालू असताना आरसा एकाच मुलापुढे धरला जातो आणि बाकीची चाळीस मुले त्याचा चेहरा पाहत असतात. मौन वाचनात जो मजकूर दिलासा देईल तोच प्रकट वाचनात उघडे पाडू शकतो, हा भेद त्या मांडणीत नाही.

शिवाय आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. जात म्हणजे वंश नव्हे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ च्या ग्रंथात निक्षून मांडले आहे, आणि वंशभेदाविरुद्धची साधने जशीच्या तशी उचलताना ते ध्यानात ठेवणे बरे. कातडीचा रंग वर्गात शिरताच दिसतो. जात दिसत नाही. ती आडनावावरून, राहत्या वस्तीवरून, बोलण्याच्या लकबीवरून ताडली जाते, आणि म्हणून ती लपविताही येते. बाबूराव बागुलांनी १९६३ साली आपल्या कथासंग्रहाला ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हे नाव दिले, ते या अवस्थेचे नेमके वर्णन आहे. ज्या वर्गात कोणाची जात कोणाला दिसत नव्हती, किंवा दिसत असूनही बोलली जात नव्हती, त्या वर्गात समतेची गोष्ट वाचून आम्ही एका मुलाची जात दाखवून दिली.

यानंतर आम्ही वाचनाचा क्रम बदलला आणि ज्यांत ‘आम्ही’ म्हणणारा स्वतः त्या अनुभवातला आहे असे मजकूर शोधू लागलो. मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध अर्थातच आठवला. जोतीराव फुल्यांच्या शाळेतील ही विद्यार्थिनी. तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त छापला गेला. तिचा ‘आम्ही’ व्याकरणदृष्ट्या इतका निखळ श्रोतृवर्जक आहे की मराठी गद्यात त्याला जोड क्वचितच सापडेल. समोरच्याला ती बाहेर उभा करते आणि मग त्याला जाब विचारते. परंतु तो वाचून दाखविताना एक अडचण येते. कथनातील ‘आम्ही’ आणि संबोधनातील ‘आम्ही’ हे वेगळे असतात. कथन भूतकाळात असते, वाचणारा त्यात काचेसारखा पारदर्शक होऊ शकतो. जाब मात्र वर्तमानात विचारला जातो. तो विचारणाऱ्या तोंडाला चिकटतो. माझ्या तोंडी तो ‘आम्ही’ उसना वाटला, आणि मुलांनाही वाटला असावा, कारण ती अदबीने गप्प बसली. मुलांची अदब ही वाचनाच्या अपयशाची खूण असते, असे आता माझे मत झाले आहे. हा निबंध मुलांनी स्वतः वाचावा. वाचून दाखवू नये.

मग आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे आत्मकथनपर टिपण घेतले. हे बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिले, त्यांच्या हयातीत ते छापले गेले नाही, आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये ते पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. मुलांसाठी लिहिलेले ते नव्हेच. अस्पृश्यता म्हणजे काय हे परकीयांना कळावे, या हेतूने ते लिहिले आहे, असे लेखक आरंभीच सांगतो. आम्ही त्यातील दोन प्रकरणे इंग्रजीवरून मराठीत करून वर्गात वाचली. बडोद्याचे प्रकरणही एकदा वाचून पाहिले. ते मुलांच्या डोक्यावरून गेले, कारण नोकरी मिळून राहावयास जागा न मिळणे हे दुःख बारा वर्षांच्या मुलाच्या कल्पनेत सहज उतरत नाही.

भाषांतर करताना पहिल्याच पानावर प्रश्न उभा राहिला. इंग्रजीतील प्रथमपुरुषी अनेकवचन एकच. मराठीत त्याचे ‘आम्ही’ करावयाचे की ‘आपण’, हे प्रत्येक ठिकाणी ठरवावे लागते. १९०१ सालची हकीकत आहे. लहान भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीचा मुलगा अशी मंडळी साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरतात. वडील दूर नोकरीवर आहेत आणि पत्र वेळेवर न पोचल्यामुळे घ्यावयास कोणी आलेले नाही. अंगात नवे कपडे, डोक्याला झगमगीत टोप्या. त्यांचा पोशाख पाहून स्टेशनमास्तर आस्थेने चौकशी करतो, आणि जात कळताच त्याचा चेहरा पालटतो. बैलगाडीवाले नेण्यास तयार नाहीत. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण कबूल होतो, तेही गाडी मुलांनीच हाकावी आणि आपण बाजूने चालावे, या अटीवर. बरोबर शिदोरी आहे; पाणी नाही.

येथे सर्वत्र ‘आम्ही’ हेच रूप योग्य, कारण घडून गेलेल्या प्रवासात ऐकणारा नव्हता. तरीही वाचताना असे दिसले की हा श्रोतृवर्जक ‘आम्ही’ सबंध वर्गाला गाडीत बसवून घेतो. याचे कारण मला लेखकाच्या उद्दिष्टात सापडते. त्याचा श्रोता परका आहे. त्या श्रोत्याला काहीच ठाऊक नाही, म्हणून काहीही गृहीत धरता येत नाही. ‘तुम्हांला माहीत आहेच’ हा सूर तेथे संभवत नाही. ‘आपल्याकडे असे असते’ असेही म्हणता येत नाही. गाडीवान गाडीत का बसत नाही, न्हावी केस का कापीत नाही, शाळेत तहान लागली तर शिपाई येईपर्यंत का थांबावे लागते, हे सारे पहिल्यापासून सांगावे लागते. ‘श्यामची आई’चा श्रोता घरातला आहे, आणि म्हणून त्या घरातले नसलेले मूल बाहेर राहते. या टिपणाचा श्रोता कोणाच्याच घरातला नाही, आणि म्हणून कोणत्याही घरातील मूल दाराशी सारख्याच अंतरावर उभे असते. ज्याला हे सारे ठाऊक होते आणि ज्याला ठाऊक नव्हते, ते दोघेही प्रथमच ऐकत असल्यासारखे ऐकत होते. त्या दिवशी कोणी मान वळविली नाही.

वाटेतील जकातनाक्याचा प्रसंग भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावा असा आहे. पाणी मिळावे म्हणून भीमराव नाकेदाराला आपण मुसलमान आहोत असे सांगतो आणि त्याच्याशी उर्दूत बोलतो. दहा वर्षांच्या मुलाने तहानेपायी केलेला हा भाषाबदल. नाकेदार तुटकपणे सांगतो की पाणी टेकडीवर आहे, हवे तर जाऊन आणा. वर्गातील एका मुसलमान मुलीने विचारले, “त्यांची उर्दू कच्ची होती का?” वाचणाऱ्या विद्यार्थ्याने पुन्हा मजकूर पाहिला: उर्दू आपल्याला चांगली येत होती, असे लेखकच सांगतो. “मग पाणी का नाही दिलं?” याचे उत्तर लेखकाने दिलेले नाही, आणि विद्यार्थ्यानेही पदरचे दिले नाही, यासाठी मला त्याचे कौतुक वाटले. स्वयंसेवकाचा मोठा शत्रू म्हणजे बोध करण्याची घाई. ज्याने खिडकीबाहेर पाहिले होते तो मुलगा त्या दिवशी बैलांविषयी बोलला. लहान मुलांना गाडी हाकता येणार नाही, बैल ऐकणार नाहीत, असे त्याचे म्हणणे. त्याच्या आजोळी बैलजोडी आहे. वर्गात त्यावर बराच वाद झाला.

दुसरे प्रकरण १९३४ सालचे, आणि ते आपल्या शहरापासून पंधरा किलोमीटरांवर घडलेले आहे. वेरूळच्या लेण्यांकडे निघालेले बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्यास थांबतात. धुळीने माखलेले आहेत. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने भरलेले एक लहान टाके आहे, तेथे काही जण हातपाय धुतात. रमजानचा महिना. एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध मुसलमान ओरडत येतो की या लोकांनी टाके बाटविले. गर्दी जमते, शिवीगाळ होते. बाबासाहेब विचारतात: तुमचा धर्म हेच शिकवितो काय, अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला तुम्ही पाण्यापासून अडवाल काय? गर्दी निरुत्तर होते. हिंदूला जो अस्पृश्य तो मुसलमानालाही अस्पृश्यच ठरतो, हे या प्रकरणाचे प्रतिपाद्य.

वाचनाच्या आदल्या दिवशी आमच्यात मतभेद झाला. एका विद्यार्थिनीचे म्हणणे असे की वर्गात तृतीयांश मुले मुसलमान आहेत, बाहेरचे वातावरण आपण जाणतो. तेव्हा वृद्धाचा धर्म आणि रमजानचा उल्लेख वगळावा, ‘एक वृद्ध गृहस्थ’ म्हणावे. तिचा हेतू मी समजू शकत होते. तीच माझी आंघोळीची जागा होती. दुसऱ्या एकाने उलट विचारले की मसूरचा स्टेशनमास्तर हिंदू आहे हे आपण वगळले नाही, मग येथेच का वगळावे? यावर तिने जे उत्तर दिले ते विचार करण्याजोगे आहे. हिंदू हा शब्द वगळण्याची गरज पडली नाही, कारण त्या वाक्यात तो शब्द नव्हताच. ‘स्टेशनमास्तर’ म्हटले की तो हिंदू असल्याचे आपण धरून चालतो. वृद्धाचा धर्म मात्र सांगावा लागतो. म्हणजे कोणाची ओळख उच्चारावी लागते आणि कोणाची न उच्चारता चालते, हाही समावेशाचाच प्रश्न झाला. तिच्या या बोलण्यानंतर आम्ही वगळण्याऐवजी भर घातली: मागील प्रकरणाची आठवण देताना स्टेशनमास्तर आणि गाडीवान हिंदू होते हे सांगितले, आणि दौलताबादचे प्रकरण काहीही न गाळता वाचले. ही भर म्हणजे मूळ मजकुरात ढवळाढवळ झाली काय, यावर माझ्या मनात अजून वाद आहे. समीक्षक म्हणून मी ती मान्य करणार नाही. वाचून दाखविणारी म्हणून मी ती पुन्हा करीन.

वर्गात काय होईल याची धास्ती होती. वृद्धाचा उल्लेख आला तेव्हा दोनतीन मुले चुळबुळली, एवढे खरे. पण त्याआधी ‘दौलताबाद’ हा शब्द ऐकताच वर्ग उठून बसला होता, कारण पाचवीत असताना शाळेची सहल तेथेच गेली होती. एक मुलगा शेजाऱ्याला न राहवून मोठ्याने म्हणाला, “अपन गये थे ना उधर, ट्रिप को.” दखनीतला हा ‘अपन’ सबंध वर्गाचा होता. मग टाके दरवाजाच्या कोणत्या बाजूला असेल, त्या दिवशी सर्वांनी पाणी कोठे प्यायले, कोणाची बाटली खंदकात पडली, यावर मराठी आणि दखनी यांच्या सरमिसळीत एवढा गलका झाला की वाचणाऱ्या विद्यार्थ्याला पुस्तक मिटून थांबावे लागले. शांत झाल्यावर, आंघोळीच्या वाक्याची आठवण करून देणाऱ्या त्याच मुलीने विचारले, “मग त्यांना किल्ला पाहू दिला का?”

पाहू दिला. मात्र आत कोठे पाण्याला हात लावू नये म्हणून एक हत्यारी शिपाई बरोबर दिला होता, असे विद्यार्थ्याने पुढचे वाक्य वाचून सांगितले.